बंदूक दिलीत, आता त्या पोरांची जबाबदारीही घ्या

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार
मा. गृहमंत्री, छत्तीसगड राज्य
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : माओवादविरोधी लढाईसाठी गावागावांतून उभ्या केलेल्या स्थानिक जवानांचं वेतन, संरक्षण आणि लढाईनंतरचं आयुष्य

महोदय,

नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख आपण जाहीर केलीत. त्या घोषणेपासून आपल्या प्रत्येक भाषणात किती मारले गेले, किती शरण आले, जंगलात किती नव्या छावण्या उघडल्या याचे आकडे असतात. मी ती भाषणं लक्ष देऊन ऐकतो. ज्या स्थानिक पोरांच्या पायांवर ही सगळी मोहीम उभी राहिली, त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल काही ऐकायला मिळतं का, हे मी शोधत असतो. शहिदांना मानवंदना असते, शौर्याचं कौतुक असतं, आणि ते योग्यच आहे. पण लढाई थांबल्यावर यांच्यातल्या कुणाची नोकरी पक्की आहे, कुणाला आपल्या गावी परत जाता येईल, शरण येऊन लगेच वर्दी घातलेल्यांचं काय होणार, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. कार्यालयांकडे विचारून झालं. म्हणून आता सगळ्यांसमोर विचारतो आहे.

माझी नोकरी भामरागड तालुक्यातल्या आश्रमशाळांत गेली. आमच्याकडे इंद्रावती ही दोन राज्यांमधली सीमा आहे, ती नकाशावर. माणसांची सोयरीक नदीच्या दोन्ही काठांना आहे. माझ्या वर्गात बसलेल्या माडिया पोरांपैकी काही सी-६० मध्ये, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात गेली, काही दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांत गेली. काहींचे मामेभाऊ-आतेभाऊ पलीकडे छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यात विशेष पोलीस अधिकारी (एसपीओ) झाले. एकाच बाकावर बसलेली दोन पोरं पुढे एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या तुकड्यांत होती, हे मी पाहिलं आहे. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना पोलिसांचा खबऱ्या ठरवून दादालोकांनी, म्हणजे माओवाद्यांनी मारलं, कारण त्यांचा धाकटा मुलगा पोलीस भरतीला गेला होता. तेव्हा हा विषय माझ्यासाठी राजकारणाचा नाही. शाळा सोडल्याच्या ज्या दाखल्यावर या पोरांच्या भरत्या झाल्या, त्यावर मुख्याध्यापक म्हणून माझी सही आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पत्राचा विपर्यास होणार नाही. गावातली पोरं बंदुकीला जुंपण्याची सुरुवात सरकारने केलेली नाही. माओवाद्यांनी गावागावांत संघम, म्हणजे आपल्या गावपातळीवरच्या संघटना उभ्या केल्या, मिलिशिया उभी केली, लहान मुलांचे बालसंघम काढले. घरटी एक पोर द्या, असं सांगून मुलं-मुली नेली. त्यासाठी लागणारा पैसा तेंदूपत्त्याच्या कंत्राटदारांकडून, बांबूच्या आणि रस्त्याच्या कामांतून वसूल केला. म्हणजे जो पैसा पुड्या बांधणाऱ्या बाईच्या मजुरीत यायला हवा होता, त्यातला वाटा तिच्याच मुलाच्या हातातल्या बंदुकीवर गेला. त्या मुलांचा हिशेब माओवादी पक्षाने कधी दिला नाही. पण मी पत्र त्यांना लिहीत नाही, तुम्हाला लिहितो. राज्यघटनेची शपथ तुम्ही घेतली आहे, आणि खजिनाही तुमच्याकडेच आहे.

आता पैशांविषयी बोलतो, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टींचं मूळ तिथे आहे.

जून २००५ मध्ये तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्यात, कुटरूच्या परिसरात सलवा जुडूम ही माओवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांना उभं करणारी मोहीम सुरू झाली. पुढारी होते महेंद्र कर्मा, काँग्रेसचे, विधानसभेत विरोधी पक्षनेते. सरकार भाजपचं होतं आणि त्याने या मोहिमेला पाठबळ दिलं. दिल्लीत काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं सरकार होतं, त्याने पैसा दिला. तेव्हा आज कुणीही एका पक्षाकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. गावं रिकामी करून माणसं दोरनापाल, एर्राबोर, भैरमगड अशा ठिकाणच्या कॅम्पांत आणून बसवली. हजारो कुटुंबं जीव वाचवायला खम्मम जिल्ह्याच्या जंगलात पळाली. आणि कॅम्पातल्या तरण्या पोरांना विशेष पोलीस अधिकारी, म्हणजे एसपीओ, म्हणून बंदुका दिल्या गेल्या.

या पोरांना वेतन नव्हतं, मानधन होतं. सुरुवातीला महिन्याला १,५०० रुपये, पुढे वाढत ३,०००. त्यातले ८० टक्के केंद्र सरकार सुरक्षाविषयक खर्चाच्या योजनेतून राज्याला परत करत असे. केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की आमची भूमिका फक्त एसपीओंची कमाल संख्या मंजूर करण्याची आणि मानधनाची प्रतिपूर्ती करण्याची आहे. भरती, प्रशिक्षण, वापर हे राज्याचं काम. मार्च २०११ मध्ये छत्तीसगडमध्ये ६,५०० एसपीओ होते. ३,००० रुपयांच्या हिशेबाने महिन्याला १ कोटी ९५ लाख रुपये होतात. एवढ्या पैशात राज्याने साडेसहा हजारांचं सैन्य उभं केलं, ज्याच्या निवृत्तिवेतनाची, घराची, बढतीची जबाबदारी कुणावरच नव्हती. राज्य म्हणत होतं पैसा केंद्राचा, केंद्र म्हणत होतं माणसं राज्याची. मधे होता तो पाचवी पास पोरगा, ज्याला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर पुढे चालायला सांगितलं जात होतं, कारण वाट त्याला ठाऊक होती आणि भाषा त्याला येत होती.

१५ मार्च २००७ च्या पहाटे विजापूरमधल्या राणीबोदलीच्या पोलीस छावणीवर माओवाद्यांचा हल्ला झाला. ५५ जण मारले गेले. त्यांत नियमित पोलिसांपेक्षा एसपीओ जास्त होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण एसपीओंचा विषय निघाला की लगेच त्यांनी जाळलेल्या घरांचा विषय निघतो. तो निघायलाच हवा, मीही काढणार आहे. पण ती पोरं आधी मेली आहेत, मोठ्या संख्येने मेली आहेत, आणि स्वस्तात मेली आहेत.

५ जुलै २०११ रोजी न्या. बी. सुदर्शन रेड्डी आणि न्या. सुरिंदरसिंग निज्जर यांच्या पीठाने नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या प्रकरणात निकाल दिला. या निकालाची आठवण अलीकडे बरीच काढली जाते, बहुधा रागाने. नक्षलवाद्यांना त्यामुळे मदत झाली, असं सांगितलं जातं. मी निकाल वाचला आहे. त्यात माओवाद्यांची बाजू कुठेही घेतलेली नाही. त्यात असं म्हटलं आहे की कमी शिकलेल्या आदिवासी तरुणांना, तुटपुंज्या प्रशिक्षणावर आणि तुटपुंज्या मानधनावर, नियमित पोलिसांइतकाच किंवा त्याहून जास्त धोका पत्करायला लावणं हे घटनेच्या कलम १४ आणि २१ चं उल्लंघन आहे. म्हणजे न्यायालय या पोरांच्या बाजूने बोललं होतं. एसपीओंचा माओवादविरोधी कारवायांत वापर थांबवा, त्यांच्याकडची शस्त्रं परत घ्या, केंद्राने अशा भरतीला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष पैसा देऊ नये, असे आदेश झाले. आणि आणखी एक आदेश होता, ज्याची आठवण कुणी काढत नाही : जे आधी एसपीओ होते, त्यांच्या जिवाचं माओवाद्यांसह सगळ्यांपासून रक्षण करण्यासाठी राज्याने ताबडतोब उपाय करावेत.

यावर राज्याने त्याच वर्षी छत्तीसगड सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा केला आणि बहुतेक एसपीओंना त्यात सामावून घेतलं. नाव बदललं, वेतन काहीसं वाढलं, काम तेच राहिलं. कायदा करणं हा न्यायालयाचा अवमान होत नाही, असं मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि प्रकरण निकाली काढलं. ते मी मान्य करतो. त्याच आदेशात, या भागात शांतता आणि पुनर्वसनासाठी पावलं उचलणं हे राज्याचं आणि केंद्राचं कर्तव्य असल्याचंही म्हटलं आहे. माझं बोलणं त्या कर्तव्याविषयी आहे.

दरम्यान २००८ पासून कांकेर आणि नारायणपूरमधून सुरुवात करून बस्तरच्या एकेका जिल्ह्यात डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड, म्हणजे डीआरजी, हे स्थानिक पोरांचं पोलीस दल उभं राहिलं. २०२२ मध्ये सात जिल्ह्यांतून प्रत्येकी ३००, अशा २,१०० जागांची बस्तर फायटर्सची भरती झाली. मे २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला, त्या कारवाईत पुढे डीआरजीच होतं. २६ एप्रिल २०२३ रोजी अरनपूरजवळ स्फोटात गेले ते दहा जवानही डीआरजीचेच, आणि त्यांच्या गाडीचा चालक. मान्य करा की केंद्रीय दलांच्या एवढ्या बटालियन येऊन जे झालं नाही, ते गोंडी बोलणाऱ्या पोरांनी केलं. मग लढाईचा खर्च मोजताना त्यांच्या आयुष्यांचा खर्चही मोजायला नको का?

माझ्या तक्रारी सांगतो.

सेवेचा हिशेब. नदीपलीकडचा एक जण, माझ्या विद्यार्थ्याचा मामेभाऊ, २००६ मध्ये एसपीओ झाला. पुढे सहायक दलात सहायक आरक्षक, म्हणजे शिपाई झाला. पायात अजून छर्रे आहेत, जिना चढताना त्याला कठड्याला धरावं लागतं. त्याने मला त्याची कागदपत्रं दाखवली. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी, रबर लावून. ओळखपत्र, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचं पासबुक. पासबुकाच्या पहिल्या पानांवर मानधनाच्या नोंदी आहेत, कधी दोन-दोन महिन्यांचं एकदम जमा झालेलं, कधी मधला महिना गायबच. सेवापुस्तकात मात्र त्या वर्षांचा उल्लेख नाही. ज्या वर्षांत त्याच्या पायात छर्रे घुसले, ती वर्षं कागदावर नोकरीची नाहीत. त्याने एका कार्यालयात अर्ज दिला, तर तिथल्या बाबूने सांगितलं की मानधनावरची वर्षं धरत नाहीत, वर जाऊन विचारा. वर म्हणजे कुठे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सहायक आरक्षकांच्या घरच्या बायका वेतन आणि बढतीची मागणी घेऊन बस्तरहून रायपूरला गेल्या, तेव्हा त्यांना पोलिसांनीच अडवलं. नवरा जंगलात सरकारसाठी लढतो आहे आणि बायको राजधानीत सरकारच्या गाडीत बसवली जाते आहे, हे त्या घरातल्या मुलांना कसं समजावून सांगायचं?

गडचिरोलीत आपण हे वेगळ्या पद्धतीने केलं, आणि ते सांगितलं पाहिजे. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० स्थानिक जवानांची तुकडी उभी केली, तीच सी-६०. ते पहिल्यापासून पोलीस दलाचे शिपाई आहेत. वेतनश्रेणी आहे, हजेरीपट आहे, सेवापुस्तक आहे, चूक केली तर खातेचौकशी आहे. सी-६० वरही गंभीर आरोप झालेले आहेत, ते मी झाकत नाही. पण जवान सरकारचा आहे की नाही, हा प्रश्न तिथे कधी पडला नाही. म्हणजे पर्याय होता. तोही नदीच्या अलीकडेच, पंधरा वर्षं आधीपासून चालू असलेला. पलीकडे तो घेतला नाही, कारण मानधनावरचा माणूस स्वस्त पडतो.

वयाचे दाखले. याबद्दल मला अधिकाराने बोलता येतं. आमच्या भागात जन्माची नोंद फार उशिरा सुरू झाली. शाळेत नाव घालताना बाप सांगायचा, मोठ्या पुराच्या वर्षी झाला, किंवा अमक्या सणाच्या आधी. आम्ही अंदाजाने तारीख लिहायचो. जूनमधल्या तारखा म्हणूनच एवढ्या सापडतात. दाखला शाळेत नाव होतं त्यालाच मिळतो, पण पलीकडच्या कॅम्पांत आलेली कितीतरी पोरं शाळेत गेलेलीच नव्हती, आणि शेकडो गावांतल्या शाळा बंद होत्या. मग १८ वर्षं पूर्ण झाली हे कुणी ठरवलं? उंची पाहून, मिशा पाहून? सलवा जुडूमच्या दिवसांत पलीकडून आलेल्या एका मुलाला मी विचारलं, तुझं वय किती? तो म्हणाला, माहीत नाही, पण बंदूक उचलते गुरुजी. त्या काळात अल्पवयीन मुलं एसपीओ केल्याचे आरोप झाले, राज्याने ते नाकारले. नाकारण्यापेक्षा वैद्यकीय तपासणीचे कागद दाखवा. माओवाद्यांनी लहान मुलांना बंदूक दिली म्हणून आपण त्यांना दोष देतो, तेव्हा आपली बाजू कागदावर स्वच्छ असायला हवी.

शरण आलेल्यांना लढायला लावणं. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. ६ जानेवारी २०२५ रोजी कुटरूजवळ आंबेली इथे स्फोटात डीआरजी आणि बस्तर फायटर्सचे आठ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्या आठांपैकी पाच जण आधी माओवादी होते, शरण येऊन पोलिसांत आले होते, असं पोलिसांनीच सांगितलं. शरण येणाऱ्या माणसाला आपण सांगतो, हिंसा सोड, मुख्य प्रवाहात ये. आणि मग त्याच्या हातात दुसरी बंदूक देतो आणि ज्या जंगलातून तो आला त्याच जंगलात पाठवतो. त्याला सगळ्या वाटा माहीत असतात, जुने साथीदार ओळखू येतात, म्हणून तो उपयोगाचा. त्या साथीदारांच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा शत्रू. त्याने हे स्वतःच्या मर्जीने निवडलं, असं उत्तर मिळेल. पण ज्याला गावी जाता येत नाही, ज्याच्याकडे जमिनीचा पट्टा नाही, ज्याच्यावरचे गुन्हे मागे घ्यायचे की नाही हे ज्या खात्याच्या शिफारशीवर अवलंबून आहे तेच खाते त्याला नोकरी देतं आहे, त्याची मर्जी किती मोकळी असते, याचा विचार करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरिष्ठ माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. शस्त्र खाली ठेवणारे आता शेकड्यांनी येत आहेत. त्यांना पुन्हा शस्त्र न देण्याची हीच वेळ आहे.

जबाबदारी. मार्च २०११ मध्ये ताडमेटला, मोरपल्ली आणि तिमापूरम या गावांतली घरं जाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. २०१६ मध्ये सीबीआयने सात एसपीओंवर आरोपपत्र दाखल केलं. ज्यांनी घरं जाळली त्यांच्यावर खटला चाललाच पाहिजे, मग ते माझे विद्यार्थी असोत की आणखी कुणी. पण दोन-तीन हजारांच्या मानधनावरची सात पोरं एवढी मोठी कारवाई आपल्या मनाने ठरवून गेली, असं तुम्हाला तरी वाटतं का? तुकडी निघते ती आदेशाने निघते. आदेश देणारा नियमित सेवेत असतो, त्याची बदली होते, बढती होते. खटल्यात नाव येतं ते पायरीवरच्या शेवटच्या माणसाचं. आणि त्याच गावात त्याला उद्या राहायचं असतं.

घरी परतणं. एसपीओंची अनेक कुटुंबं आजही रस्त्याकाठच्या वस्त्यांत राहतात. शेत गावात, माणूस इथे. मोहाची झाडं दुसरं कुणीतरी वेचतं. गडचिरोलीतही जवानांचे आईबाप गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी भाड्याने राहिलेले मला ठाऊक आहेत. माओवादी संपले तरी गावातलं वैर संपत नाही. ज्याचं घर जळलं तो विसरत नाही, ज्याचा भाऊ खबऱ्या म्हणून मारला गेला तोही विसरत नाही. गावी गेलेल्या जवानाला सणाला बोलावणं येत नाही, पंगतीत त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. यासाठी कुठलीच योजना नाही. मनावर झालेल्या जखमांबद्दल तर बोलायलाच नको. रात्री ओरडत उठणाऱ्या पोरांची आई पुजाऱ्याकडे जाते, कारण जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं कुठल्या डॉक्टरकडे हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

ही भीती माझ्या मनातून निघालेली नाही. आसामात उल्फा या बंडखोर संघटनेच्या शरण आलेल्या सदस्यांना बंदुका बाळगू दिल्या. त्यांचा हात असल्याचा आरोप झालेल्या १९९८ ते २००१ मधल्या ‘गुप्त हत्यां’ची चौकशी करायला पुढे सैकिया आयोग नेमावा लागला. काश्मीरमध्ये नव्वदच्या दशकात इख्वान, म्हणजे शरण आलेल्या अतिरेक्यांचे सरकारच्या बाजूने लढणारे गट उभे केले, त्यांचा म्होरक्या कुका परे आमदार झाला आणि २००३ मध्ये मारला गेला. सामान्य इख्वानींपैकी काहींना लष्करात जागा मिळाली, बाकीच्यांना ना सरकार ओळख देत होतं ना शेजारी. ग्वाटेमालामध्ये ऐंशीच्या दशकात लष्कराने खेड्यातल्या लाखो पुरुषांना बिनपगारी गस्ती पथकांत घातलं. १९९६ मध्ये पथकं बरखास्त झाली, आणि २००२ मध्ये तेच लोक आमच्या वर्षांचे पैसे द्या म्हणत रस्ते अडवून बसले. सरकारला पैसे कबूल करावे लागले, आणि ज्यांच्या घरच्यांना याच पथकांनी मारलं होतं, त्यांनी विचारलं, मग आमचं काय? सुदानने दारफुरमध्ये टोळ्या पोसल्या, त्यांचंच पुढे रॅपिड सपोर्ट फोर्सेस झालं, आणि एप्रिल २०२३ पासून ते आपल्याच देशाच्या लष्कराशी लढत आहे. श्रीलंकेने त्यामानाने शहाणपणा दाखवला. २००६ मध्ये तिथल्या होमगार्डचा नागरी सुरक्षा विभाग केला, त्यांना सरकारी चौकटीत आणलं, आणि २००९ मध्ये युद्ध संपल्यावर त्यांतल्या अनेकांना शेतीच्या आणि इतर कामांना लावलं. तिथेही तक्रारी आहेत. पण युद्ध संपल्यावर या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न निदान कागदावर घेतला गेला.

आपल्याकडे अजून वेळ आहे. बस्तरची पोरं सुदानसारखी होतील, असं मी मुळीच म्हणत नाही. ती शहाणी आणि सोशिक आहेत. त्यांच्या सोशिकपणाचा फायदा घेतला जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या मागण्या साध्या आहेत. आमच्या म्हणतो, कारण या पत्राच्या मसुद्यावर गावातल्या दोन्हीकडच्या कुटुंबांशी बोलणं झालं आहे.

२००५ पासून एसपीओ, सहायक आरक्षक, गोपनीय सैनिक (पोलिसांसाठी गुप्तपणे काम करणारे) अशा कोणत्याही नावाखाली काम केलेल्या प्रत्येकाची यादी जिल्हावार तयार करा. कोण मेलं, कोण जखमी झालं, कुणाला काढलं आणि का, कोण आज कोणत्या दलात आहे, हे त्यात असावं. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांची नावं उघड करू नका, पण आकडे विधानसभेच्या पटलावर ठेवा.

मानधनावरची वर्षं सेवेत धरा, निवृत्तिवेतनासाठी आणि बढतीसाठी. केंद्राने प्रतिपूर्ती केली होती, तेव्हा याचाही ८० टक्के भार केंद्राने उचलावा. जे मेले त्यांच्या घरच्यांना नियमित शिपायाच्या कुटुंबाला मिळतं तेवढंच मिळावं, फरकासह.

शरण आलेल्या कुणालाही लढाऊ तुकडीत घेऊ नका. जे आधीच घेतले आहेत त्यांना बिनलढाऊ कामाचा पर्याय लेखी द्या, आणि त्यांच्यावरचे खटले, घरकुल, जमीन यांचा संबंध त्यांच्या उत्तराशी जोडू नका. पुनर्वसन पोलीस खात्याकडून काढून महसूल आणि आदिवासी विकास विभागाकडे द्या.

डीआरजी आणि बस्तर फायटर्सचं पुढे काय, हे आताच जाहीर करा. त्यांना नियमित पोलीस दलात घ्या. ठाण्यात बसून फिर्याद लिहून घेणं, तपास करणं, न्यायालयात साक्ष देणं याचं पुरेसं प्रशिक्षण द्या. आयुष्यभर जंगलात गस्त घातलेल्या पोराला अचानक गावच्या ठाण्यात बसवलं, तर त्यालाही त्रास आणि गावालाही. ज्यांना शाळा अर्धवट सोडावी लागली त्यांना पगारी रजा देऊन शिकू द्या. शिकवायला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आनंदाने येतील.

ताडमेटलासारख्या प्रत्येक प्रकरणात आदेश कुणी दिला, इथपर्यंत तपास न्या. तसंच माओवाद्यांनी खबऱ्या ठरवून मारलेल्या माणसांच्या प्रकरणांचाही. दोन्हीकडच्या पीडित कुटुंबांना भरपाई एकाच दराने आणि एकाच खिडकीतून द्या, म्हणजे आमचं दुःख मोठं की तुमचं, हा वाद गावात होणार नाही.

परतणाऱ्या कुटुंबांसाठी ग्रामसभेच्या संमतीने व्यवस्था करा. जमिनीचे पट्टे, वनहक्काचे दावे, जळालेली घरं हे विषय ग्रामसभेत बसून सुटू शकतात. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. फक्त त्या सभेत बंदूक घेऊन कुणी बसू नये, ना वर्दीत ना साध्या कपड्यांत.

आणि प्रत्येक जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसिक उपचारांसाठी गोंडी किंवा माडिया समजणारा माणूस नेमा. दुभाषा म्हणून पोलीस शिपाई बसवू नका.

या मागण्यांचं उत्तर लेखी द्यावं. ते हिंदी-मराठीत छापाच, पण गोंडी, माडिया आणि हलबीतही करून भामरागड, विजापूर, नारायणपूर, सुकमा इथल्या ग्रामसभांत वाचून दाखवावं. वाचायला तहसीलदार यावेत, आणि प्रश्न विचारले तर उत्तरं देता येतील एवढे अधिकार घेऊन यावेत. सभेची तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवा. पावसाळ्यात नदी-नाले भरले की आमच्याकडची अर्धी गावं सभेला पोहोचू शकत नाहीत.

आपला,
एक निवृत्त आश्रमशाळा मुख्याध्यापक
ता. भामरागड, जि. गडचिरोली